पम्मीचं नाव घेते

आधी शैलामावशींचं नाव लिहितो, मग बाकीचं. शैला निकम. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, आता दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. त्यांचे मिस्टर फौजेत हवालदार होते. ते गेल्यावर मावशींना इथं एका केंद्रीय कार्यालयात नोकरी लागली आणि त्या दिल्लीच्या झाल्या. त्या नसत्या तर हा लेख नसता, मी दिल्लीत नसतो, आणि पुढे जे सांगणार आहे ते घडलंही नसतं.

संपादकांनी सांगितलं, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, मी नववी सोडलेला माणूस, मला लिहिता कुठे येतं. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. चलो, लिहितो.

शाळा का सुटली हे सांगितलं पाहिजे, कारण त्याचा कामाशी संबंध आहे. माझ्या चालण्याबोलण्यावरून वर्गातल्या पोरांनी मला एक नाव ठेवलं होतं. एक दिवस हजेरी घेताना गुरुजींनीच ते नाव घेतलं. वर्ग हसला. मी दप्तर उचलून घरी आलो तो परत गेलो नाही. आमच्या आटपाडीकडची पुष्कळ माणसं सोनंचांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. मामा दिल्लीत होता, त्याच्याकडे मला पाठवलं. भट्टीसमोर काही माझा जीव रमला नाही. मामाला माझ्याविषयी कळलं तेव्हा तर जागाच उरली नाही. मग एका टेंट हाऊसमध्ये लागलो. खुर्च्या, कनाती, सतरंज्या, माइक. लग्न असो की तेरावा, आमचं सामान एकच.

अशाच एका गणपतीला लक्ष्मीबाई नगरात मांडव घालत होतो. बांबू पायावर पडला आणि तोंडातून मराठीत जे यायचं ते आलं. मागून एक बाई म्हणाल्या, "कुठला रे तू?" मी घाबरून म्हटलं, "आटपाडी." त्या म्हणाल्या, "मग शिवी इतकी लाजत का देतोस? ये, चहा घे." त्या शैलामावशी. पुढे घरमालकानं मला खोलीतून बाहेर काढलं, कारण कुणीतरी त्याला माझ्याबद्दल सांगितलं होतं. तेव्हा मी त्यांच्याच दारात गेलो. त्यांनी बंद बाल्कनीत गादी टाकून दिली. मी म्हटलं, मावशी, लोक का काढतात मला ते तुम्हाला सांगायला पाहिजे. त्या कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "सांग. पण आधी तो डबा खाली काढून दे, माझा हात पोचत नाही." मी डबा काढला आणि सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. पोळ्या किती खाशील?"

एवढंच. मी त्या रात्री गादीवर पडून रडलो, पण पोळ्या पोटभर खाल्ल्या होत्या.

आता काम. आमचा एक छोटा गट आहे. दिल्ली, फरीदाबाद, गाझियाबाद, गुडगाव, जिथे बोलावतील आणि जिथे बोलावत नाहीत तिथेही आम्ही नाटुकली, गाणी, चित्रांचे कार्यक्रम करतो. विषय एकच. समलिंगी माणसं, तृतीयपंथी माणसं, त्यांना घर न मिळणं, नोकरीतून काढणं, घरच्यांनी तोंड फिरवणं. कायद्यानं आता आमच्यावर गुन्ह्याचा शिक्का नाही. पण कायदा वर कोर्टात असतो आणि माणूस खाली दवाखान्याच्या काउंटरवर उभा असतो. मधलं अंतर कुणीतरी चालायला लागतं. आम्ही ते नाचत, गात चालतो.

यात नट वेगळे, लिहिणारे वेगळे. माझं काम कार्यक्रम उभा करणं. बाहेरच्या माणसाला वाटतं म्हणजे खुर्च्या मांडणं. खुर्च्या हे सोपं. जागेला दारं किती आणि कुठं उघडतात, जनरेटर कुणाच्या खिडकीखाली येतो, त्या खिडकीत कोण राहतं, आसपास चहावाला आहे का आणि तो आपल्या बाजूचा आहे का, हे सगळं आधी जाऊन बघायचं. कुणी ओरडायला लागला तर त्याच्याशी बोलायला कोण जाईल हे आधी ठरवायचं. तो नेहमी वयानं मोठा आणि आवाजानं बारीक माणूस लागतो. आणि सर्वांत मोठं काम कार्यक्रम संपल्यावर. आमची काजल तृतीयपंथी आहे, नटी म्हणून तिला तोड नाही. पण मेट्रोच्या तपासणीला बायकांच्या रांगेत उभी राहिली तर बायका बघतात, पुरुषांच्या रांगेत तर विचारूच नका. म्हणून तिच्याबरोबर कोण जाणार, घरी पोचल्याचा फोन कुणाला करणार, हे ठरल्याशिवाय मी पडदा बांधत नाही. तो फोन येईपर्यंत मला जेवण जात नाही. काजल म्हणते, "भैया, आप मेरी सास हो."

माझा स्वभाव भित्रा आहे. लहानपणापासून. पण या कामात तोच भित्रेपणा उपयोगी पडला. धीट माणूस वायर तपासत नाही.

गिऱ्हाईकं म्हणाल तर एकेक नमुने. फरीदाबादच्या एका कॉलनीत पार्कात आमची तालीम चालायची. तिथले एक रिटायर्ड अंकल रोज काठी आपटत यायचे. "ये सब यहाँ नहीं चलेगा." मी हात जोडून म्हणायचो, "जी अंकल, बस आधा घंटा." ते रागानं बाकावर बसायचे, आम्ही संपवतो की नाही बघायला. चारेक तालमी झाल्यावर ते उठले आणि काजलवर डाफरले, "बेटा, 'ज़िंदगी' बोलो, 'जिन्दगी' नहीं. नुक़्ता खा गई तुम." कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून ते तिचे उच्चार मोजत होते. विषयाबद्दल त्यांचं मत बदललं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. काठी आपटणं मात्र थांबलं.

पण मला लिहायचंय ते एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाबद्दल.

वंदनाताई नर्स. भंडाऱ्याकडच्या, फरीदाबादला एका खासगी दवाखान्यात नोकरी. पम्मी, म्हणजे परमजीत, तिचं स्पेअर पार्टचं दुकान. ट्रकचा गिअरबॉक्स उघडून बसलेली असते आणि बोलते मात्र मऊ लोण्यासारखं. दोघी कितीतरी वर्षं एका घरात राहतात, एका डब्यातलं खातात, आमच्या तालमींनाही येतात. फरीदाबादच्या मराठी मंडळात वंदनाताईंना सगळ्या जणी ओळखायच्या. कुणाचं बीपी बघ, कुणाला इंजेक्शन दे, कुणाच्या सुनेबरोबर प्रसूतीला जा. "आमची वंदना, बिचारी एकटीच आहे," असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं. पम्मीला सगळ्या 'वंदनाची पार्टनर' म्हणायच्या, म्हणजे घरभाड्यातली.

मग पम्मीचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. वंदनाताईंच्याच दवाखान्यात नव्हे, दुसरीकडे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सहीला रक्ताचं माणूस आणा, नाहीतर नवरा आणा. वंदनाताई म्हणाल्या, मी आहे. तो म्हणाला, आप कौन? त्या म्हणाल्या, साथ रहती हूँ. तो म्हणाला, वो तो ठीक है मॅडम, पर आप कौन? शेवटी जालंधरहून पम्मीचा भाऊ आला. वर्षानुवर्षं बहिणीशी न बोललेला भाऊ. त्यानं सही केली आणि जाताना वंदनाताईंना म्हणाला, आता तुम्ही बाहेर थांबा.

ऑपरेशन ठीक झालं. पण वंदनाताईंच्या डोक्यातून 'आप कौन' गेलं नाही. एकदा तालमीला आल्या आणि मला म्हणाल्या, "संपत, मी इतकी वर्षं सगळ्यांच्या घरात सुया टोचत फिरले. मला या बायकांनी एकदा तरी बघितलं पाहिजे, पूर्ण. हळदीकुंकवाला त्या नवऱ्याचं नाव घेतात ना उखाण्यात? मी पम्मीचं घेणार."

मी म्हटलं, "ताई, बाहेर कुठंही करू. कॉलेजात करू, पार्कात करू."

"पार्कातली माणसं माझी कोण लागतात? मला माझ्या माणसांत घ्यायचंय."

यात काय पणाला लागलं होतं ते सांगतो. वंदनाताईंच्या घरच्यांनी संबंध तोडलेले. या परक्या मुलखात मराठीत हाक मारणारी, सणाला ताट वाढणारी माणसं म्हणजे हेच मंडळ. ते गेलं तर मग कुणीच नाही. मी हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर."

शैलामावशी लक्ष्मीबाई नगरच्या असल्या तरी फरीदाबादच्या मंडळाच्या कार्यकारिणीतही होत्या, कारण कामाला त्या आणि नावाला बाकीच्या. त्यांनी विषय बैठकीत सरळ मांडला. लपवाछपवी नको, असं त्यांनी मला बजावलं होतं. आधी दवाखान्याच्या काउंटरचं छोटं नाटक, मग उखाणे, त्यात वंदनाचाही एक. अध्यक्ष देशपांडे वहिनी. मिस्टर मोठ्या कारखान्यात, वहिनी स्वतः शिकलेल्या. मी दाराशी उभा होतो, मला ऐकू येत होतं.

"शैलाताई, आपल्या मंडळात सगळं चालतं हो. आपण काही मागासलेले नाही. पण संक्रांतीलाच कशाला? आठ मार्चला ठेवू."

"आठ मार्चला कोण येतं वहिनी? मागच्या वेळी पाहुण्या आल्या आणि ऐकायला वॉचमन होता."

हसल्या सगळ्या. त्या हसण्यात ठराव पास झाला. मावशींची ही पद्धत. भांडण करायचं नाही, हसवून कडी काढायची.

कार्यक्रम एका रविवारी ठेवला. त्या दिवशी मंडळाचे पुरुष बस करून पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला, गेले होते, दरवर्षी जातात. त्यामुळे बायकांना मोकळीक होती. हॉल भाड्याचा, मी सकाळपासून तिथंच. वायरी तपासल्या, मागचं दार उघडून बंद करून बघितलं, परत बघितलं. पम्मी आवाजाच्या मिक्सरजवळ माझ्या मदतीला. आणि तिथंच मी जी चूक केली ती आमच्या धंद्यातलाच माणूस करेल.

आमच्या कार्यक्रमात आम्ही प्रत्येक खुर्चीवर पाण्याची बाटली आणि एक पत्रक ठेवतो. माणसाला हातात काहीतरी मिळालं की तो बसतो, असा माझा अनुभव. इथं वाण म्हणून तिळाच्या वड्या भरलेल्या स्टीलच्या डब्या होत्या. मावशी आत हळद भिजवत होत्या, मी त्यांना न विचारता प्रत्येक खुर्चीवर एकेक डबी ठेवली. रांगेत चमकत होत्या. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

बायका आल्या. ठेवणीतल्या काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली नवी सून, गप्पा, अत्तर. बसल्या, डब्या उघडून बघितल्या, पर्समध्ये टाकल्या. नाटक सुरू झालं. काजल काउंटरवरच्या मुलाचं काम करत होती. टाय लावून, च्युइंगगम चघळत, "वो तो ठीक है मॅडम, पर आप कौन?" पहिल्यांदा हशा पिकला. दुसऱ्यांदा थोडा कमी. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा हॉल गप्प झाला, कारण तोपर्यंत बायकांच्या लक्षात आलं होतं की नाटकातल्या त्या दोघी नुसत्या मैत्रिणी नाहीत.

आणि मग डाव्या बाजूच्या एक बाई उठल्या. "आम्हाला अजून सेक्टर पंधराला जायचंय हळदीकुंकवाला." त्यांच्यामागे दुसऱ्या. "अगंबाई, मला पण." तिसऱ्या. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. वाण हातात होतं. हळदीकुंकवाला गेलेली बाई वाण मिळालं की निघते, पुढच्या घरी जाते, त्यात काही गैर नसतं. म्हणून तर वाण सर्वांत शेवटी देतात. हे आटपाडीच्या कुठल्याही पोराला माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण त्या दिवशी मी हळदीकुंकू विसरून कार्यक्रम उभा केला होता. सगळ्यांना उठून जायला सभ्य कारण मी स्वतः खुर्चीवर मांडून ठेवलं होतं.

मी पडद्यामागे पळालो. वंदनाताई नऊवारीत उभ्या होत्या, फटीतून बघत. मी म्हटलं, "ताई, आज नको. माझं चुकलं. पुढे कधी तरी करू."

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "किती उरतील?"

"काय सांगू. थोड्या."

"थोड्या तर थोड्या. हे नेसायला मला कालपासून सुट्टी घ्यावी लागलीय. मी जाणार नाही, संपत. तू माइक चालू ठेव."

मी बाहेर आलो तर दाराशी घोळका थांबलेला. दारात शैलामावशी. हातात हळदीकुंकवाचं तबक.

इथं एक सांगायला पाहिजे. त्या मंडळात हळद भिजवायची मावशींनी, कुंकू चाळायचं मावशींनी, वड्या थापायच्या, डब्या भरायच्या मावशींनी. पण लावायला दुसऱ्या यायच्या. मावशी विधवा. तबक त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणायच्या आणि तिथून कुणीतरी त्यांच्या हातातून घ्यायचं. असं कुणी नियम करून सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, मावशींनाही.

"अगं बायांनो," त्या म्हणाल्या, "सवाष्ण बाई कुंकू न घेता दारातून जाते होय? आमच्या साताऱ्याकडं नाही बाई असं चालत."

देशपांडे वहिनी लगबगीनं पुढे आल्या. "शैलाताई, द्या ना माझ्याकडे. तुम्ही कशाला त्रास घेता."

"त्रास कसला वहिनी? तुम्ही नाटक बघा. मी लावते."

तबक काही त्यांनी सोडलं नाही. बोट कुंकवात होतं आणि समोर बायका. कुणी पुढे येईना, कुणी मागे जाईना. पुढं यावं तर विधवेच्या हातचं कुंकू. मागं जावं तर तसं तोंडावर सांगावं लागणार. पडद्यामागे वंदनाताई, दारात मावशी, आणि मी मधे, हातात माइकची वायर. मला वाटलं, आता दोघी एकदम बुडणार आणि बुडवणारा मी.

दिल्ली कँटहून आलेल्या जाधवकाकी होत्या. सुभेदाराच्या बायको, आवाज परेडचा. त्या घोळक्यातून कोपरानं वाट काढत आल्या आणि कपाळ पुढे केलं.

"लाव गं शैला. आणि सरळ लाव. मागच्या वर्षी त्या कुलकर्णीणीनं भुवईत लावलं होतं, दिवसभर तशीच फिरले."

मावशींनी लावलं. मी लांबून बघत होतो. कुंकू सरळ लागलं.

जाधवकाकी वळल्या, परत जाऊन खुर्चीत बसल्या आणि मंचाकडे बघून म्हणाल्या, "हं. तो काउंटरवाला पुढं काय म्हणतो ते कळू दे आता. फार माजलाय मेला."

काजलला मराठी कळत नाही, पण 'माजलाय' कळलं. तिनं टाय सरळ केला आणि पुढचं वाक्य सुरू केलं. दारातल्या काही जणींनी कुंकू लावून घेतलं आणि आत आल्या. काही जणी न घेताच बाजूनं निघून गेल्या. देशपांडे वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, ना आत, ना बाहेर. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण निम्म्या भरलेल्या होत्या. मी रिकाम्या खुर्च्या भराभर उचलून मागे नेल्या. भरलेल्या रांगा जवळ आल्या की हॉल लहान वाटतो आणि माणसं जास्त. एवढी एकच करामत मला त्या क्षणी सुचली.

मग उखाणे. दोघीतिघींनी पाठ केलेले घेतले, चांदीच्या वाटीत वगैरे. मग वंदनाताई आल्या. माइक त्यांना उंच होता, मी जाऊन खाली केला. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या,

"धुकं पडलं दिल्लीत, दिसेना रस्ता, दिसेना गाव,
जिचा हात धरून चालले, त्या पम्मीचं घेते नाव."

टाळी नाही. हूं नाही की चूं नाही. मिक्सरजवळ पम्मी मला कोपरानं डिवचत होती, "क्या बोला? क्या बोला उसने?"

"तेरा नाम लिया."

"मेरा? सबके सामने?" तिनं डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि हातात पिळत उभी राहिली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ऐकू नाही आलं!"

नव्या नवरीनं उखाणा घेतला की मागच्या बायका हमखास असं ओरडतात, तिला लाजवायला, पुन्हा घ्यायला लावायला. पण कुणी टोमणा मारायचा असेल तरी हेच शब्द. कोण ओरडलं मला दिसलं नाही, आवाज ओळखीचा वाटला नाही. मी आवाजाचं बटण धरून उभा. वाढवू की बंद करू?

वंदनाताईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मी वाढवला.

त्यांनी पुन्हा घेतला. या वेळी हळू नव्हे. नर्स वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारते तसा. पम्मीचं नाव हॉलभर गेलं. जाधवकाकींनी टाळी वाजवली, मग शेजारणीनं, मग आणखी काही जणींनी. सगळ्यांनी नाही. आणि एक म्हातारी म्हणाली, "आता तिला पण घेऊ दे की. एकीनंच का?"

पम्मीला ढकलत पुढे आणलं. ती घाबरून म्हणाली, "मुझे तो मराठी आती नहीं जी." "पंजाबीत घे." "अजी क्या बोलूँ..." टोपी पिळत म्हणाली, "वंदना. बस. वंदना." आणि तिच्या डोळ्यांतून धार लागली. या वेळच्या टाळ्या जास्त होत्या. रडणाऱ्या माणसाला टाळी द्यायला सोपं जातं.

देशपांडे वहिनी शेवटी पुढे आल्या. उरलेल्या डब्यांतल्या दोन घेतल्या, एक वंदनाताईंच्या हातात दिली, एक पम्मीच्या. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही, अजूनही येत नाही. पण डब्या दोन होत्या.

त्यानंतर काय झालं? वंदनाताईंना काही घरांतून बोलावणं बंद झालं. एका बाईंनी वाटेत ओळख दिली नाही. मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बरेच दिवस मुका होता. मग एका सकाळी तिथं कुणीतरी लिहिलं, "वंदनाताई, सासूबाईंचं बीपी वाढलंय, येता का? पम्मीताईंनाही आणा, कुकरची बिघडलेली शिट्टी बघतील." गेल्या दोघी. परवाच्या गणपतीत आरतीचं ताट दोघींकडे होतं. मंडळ गेलं नाही. अर्धं गेलं असेल, पण जे उरलं ते खरं आहे, असं वंदनाताई म्हणतात.

किंमत भरली ती मावशींनी. पुढच्या बैठकीत ठरलं की शैलाताईंचं वय झालं, त्यांना आता आराम द्यावा. कार्यकारिणीतून त्यांचं नाव गेलं. नाटकाबद्दल कुणी काही म्हणालं नाही, उखाण्याबद्दलही नाही. उलट देशपांडे वहिनींनी दुसऱ्या कुठल्या मंडळात आमच्या कार्यक्रमाचं नाव सुचवलं. बोललं गेलं ते तबकाबद्दल. "त्यांनी तेवढं करायला नको होतं." दोन बायकांचा संसार त्यांना पचला, विधवेच्या बोटावरचं कुंकू नाही पचलं. मी हे लिहितोय आणि आजही मला राग येतो. भित्र्या माणसाला राग आला की तो जाता जात नाही.

मी लक्ष्मीबाई नगरला गेलो. मावशी भांडी घासत होत्या, मी विसळायला लागलो. म्हटलं, "मावशी, माझ्या डब्यांमुळे झालं. डब्या खुर्चीवर नसत्या तर तुम्हाला दारात उभं राहावं लागलं नसतं."

"डब्यांचं काय घेऊन बसलास. मला बरेच दिवस लावायचंच होतं."

"खरंच?"

"वर्षानुवर्षं चाळते मी ते कुंकू. हात लाल होतो माझा. धुवून टाकायचा."

मी परात विसळून पालथी घातली. नंतर त्या सहज बोलाव्यात तशा बोलल्या, "वंदनाला निदान कुणीतरी म्हणालं, परत घे म्हणून. आमचे हे गेल्यापासून मला कुणी म्हणालंच नाही, शैला, नाव घे. नवरा गेला म्हणजे नाव पण गेलं का? माझा उखाणा अजून पाठ आहे."

मी म्हटलं, "सांगा ना मग. मी ऐकतो."

त्यांनी ओल्या हातानं मला टपली मारली. "स्वयंपाकघरात घेतात होय उखाणा? चारचौघींत घ्यायचा असतो. सगळ्यांनी बघायला पाहिजे." आणि कढई घासायला घेतली.

मावशी आता रिटायर होतील. क्वार्टर सोडावं लागेल, त्या साताऱ्याला परत जातील, दिराच्या घरी. तिथली माणसं कशी आहेत मला माहीत नाही. हळदीकुंकवाला त्यांना कुठे उभं करतील हे मात्र माहीत आहे. आणि मी त्या मुलखात शाळा सोडल्यापासून ताठ मानेनं गेलेलो नाही. गेलो की चालणं बदलतो, बोलणं बदलतो, भाच्याचं बारसं झालं की पहिल्या गाडीनं परत फिरतो.

मावशी, हे तुम्ही वाचाल तेव्हा हसाल आणि म्हणाल, संपत्या, फार लिहितोस. पण लिहून ठेवतो. मी येणार आहे. काजलला घेऊन, वंदनाताई आणि पम्मीला घेऊन, माझा माइक आणि माझ्या वायरी घेऊन, माझ्या स्वतःच्या चालीनं चालत. तुमच्या गावात हॉल नसेल तर शाळेच्या पटांगणात करीन, शाळेनं नाही म्हटलं तर तुमच्या दिराच्या अंगणात. बायका येतील, कशा येतील ते माझ्यावर सोडा, ते माझं काम आहे. माइक तुमच्या उंचीला लावून देईन आणि सगळ्यांसमोर म्हणेन, शैलामावशी, हवालदार निकमांचं नाव घ्या. तुमचे उपकार मी त्या दिवशी फेडीन, त्याच्या आधी नाही. तोपर्यंत उखाणा विसरू नका.